तरंगाकडून अंकाकडे : ठाणे-कल्याण भागातील सूक्ष्मतरंग दूरध्वनी आणि मराठीचे उच्चार

ठाण्याहून कल्याणकडे जाणाऱ्या लोकलच्या दोन्ही बाजूंस कळवा, दिवा, डोंबिवली येथील इमारतींच्या गच्च्यांवर लोखंडी मनोरे उभे असलेले दिसतात. त्यांवर उभ्या, अरुंद पेट्या असतात आणि पुष्कळ ठिकाणी त्यांच्या जोडीला डफाच्या आकाराच्या पांढऱ्या गोल थाळ्या असतात. पेट्यांचा संबंध आपल्या खिशातील मोबाइलशी असतो; थाळ्यांचा संबंध मात्र केवळ एकमेकींशी. एका मनोऱ्यावरील थाळी दुरच्या दुसऱ्या मनोऱ्यावरील नेमक्या एकाच थाळीकडे तोंड करून बसविलेली असते, आणि त्या दोहोंच्या मधून सूक्ष्मतरंगांचा एक अरुंद, अदृश्य झोत शेकडो लोकांचे बोलणे वाहून नेत असतो. अशा झोतातून जाणारे बोलणे पूर्वी तरंगाच्या रूपाने जात असे. आज ते अंकांच्या रूपाने जाते. आपल्याकडे हा पालट १९७५ च्या सुमारास सुरू झाला आणि पुढील दोन-अडीच दशकांत बहुतांशी पुरा झाला.

या पालटाविषयी लोकांत एक समजूत दृढ आहे, ती ही की, डिजिटल झाल्यामुळे दूरध्वनीवरील आवाज स्वच्छ झाला. ही समजूत अर्धी खरी आहे. व्यवहाराला अर्धे सत्य पुरते; परंतु भाषेच्या अभ्यासकाला ते पुरत नाही, कारण दूरध्वनीवरून ऐकलेले किंवा ध्वनिमुद्रित केलेले बोलणे आता बोलींच्या अभ्यासातही पुराव्यादाखल येऊ लागले आहे. एखाद्या मुद्रणात विशिष्ट ध्वनी ऐकू येत नाही, तेव्हा तो बोलणाऱ्याच्या मुखातच नव्हता की वाटेत गळाला, हे सांगता आले पाहिजे. त्यासाठी आवाज कोणत्या वाटेने आला हे जाणून घेणे अवश्य आहे.

प्रथम शब्दांविषयी थोडे. ‘ॲनालॉग’ या शब्दाला ‘सदृश’ आणि ‘डिजिटल’ या शब्दाला ‘अंकीय’ असे प्रतिशब्द मराठीत योजण्यात आले. ‘सदृश’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसला नाही, परंतु अर्थदृष्ट्या तो उत्तम आहे. बोलणाऱ्याच्या मुखापुढील हवेचा दाब जसजसा कमी-अधिक होतो, तसतसा तारेतील विद्युत्प्रवाह कमी-अधिक होतो. म्हणजे प्रवाह हा आवाजाशी सदृश असतो. ‘अंकीय’ हा शब्द मात्र मर्मावर पुरते बोट ठेवीत नाही. या पद्धतीचे खरे वैशिष्ट्य अंक हे नसून मोजक्या, परस्परांपासून स्पष्टपणे वेगळ्या अशा चिन्हांतून एकाची निवड करणे हे आहे. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा भेद नवा नाही. मुखातून निघणारा स्वन हा अखंड आणि दर वेळी थोडा निराळा असतो; स्वनिम मात्र मोजके असतात, आणि ऐकणारा प्रत्येक वेळी ‘हा प की ब’ असा निर्णय करीत असतो. सदृश यंत्रणा स्वन वाहून नेते. अंकीय यंत्रणा स्वनिम वाहून नेते असे म्हणणे चुकीचे होईल, पण निर्णय करण्याची रीत मात्र तिने भाषेसारखीच उचलली आहे.

जुन्या यंत्रणेत काय होत असे ते पाहू. माणसाच्या बोलण्यात सुमारे १०० हर्ट्‌झपासून ८,००० हर्ट्‌झच्याही पलीकडे जाणाऱ्या कंप्रता असतात. दूरध्वनीत त्यांपैकी ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा ठेवीत, आणि शेजारच्या संभाषणाशी घसट होऊ नये म्हणून दोन्ही कडांना थोडी मोकळी जागा सोडून एका संभाषणाला ४,००० हर्ट्‌झची जागा देत. मग फडताळात एकावर एक खण असावेत त्याप्रमाणे ही संभाषणे निरनिराळ्या कंप्रतांवर चढवून एकावर एक रचीत. बारा संभाषणांचा एक गट, अशा पाच गटांचा साठ संभाषणांचा एक मोठा गट, आणि अशा सोळा मोठ्या गटांची मिळून ९६० संभाषणे, अशी ती रचना असे. हा सारा ढीग एकाच सूक्ष्मतरंगावर, त्याची कंप्रता किंचित कमी-अधिक करून, लादण्यात येई. पलीकडे पोहोचल्यावर गाळण्या लावून एकेक खण पुन्हा वेगळा काढीत.

सूक्ष्मतरंग जवळजवळ प्रकाशासारखे सरळ रेषेत जातात. डोंगराला वळसा घालून जाणे त्यांना साधत नाही. याचे महत्त्व ठाणे भागातील माणसाला समजावून सांगावयास नको. ठाण्याकडून डोंबिवलीकडे जाताना पारसिकचा डोंगर आडवा येतो. रेल्वेने त्याच्या पोटातून बोगदा काढला, तो १९१६ मध्ये वाहतुकीस खुला झाला. तरंगांना बोगदा काढून देता येत नाही, मनोराच उंच करावा लागतो किंवा वाट वळवून मध्ये एखादे केंद्र घ्यावे लागते. शिवाय दोन थाळ्या एकमेकींना नुसत्या ‘दिसून’ भागत नाही. ठाणे व डोंबिवली यांचे सरळ अंतर सुमारे १२ किलोमीटर आहे. एवढ्या अंतरावर ७ गिगाहर्ट्‌झचा झोत टाकावयाचा म्हटला, तर वाटेच्या मध्यावर त्या रेषेभोवती सुमारे ११ मीटर त्रिज्येचा भाग बहुतांशी मोकळा असावा लागतो. या भागात आज एखादी बारा मजली इमारत उभी राहिली, तर ती रेषेच्या खालीच राहूनही झोताचे बळ घटवू शकते. डोंबिवलीत इमारती किती झपाट्याने वाढल्या हे ध्यानी घेतले, म्हणजे थाळ्या वारंवार वर-वर का चढवाव्या लागल्या असतील याची कल्पना येते.

सदृश यंत्रणेची खरी अडचण मात्र लांबच्या पल्ल्यात दिसून येते. मुंबई ते नागपूर हे सरळ अंतर सुमारे ७०० किलोमीटर. ४० ते ५० किलोमीटरचा एक टप्पा धरला तर मध्ये पंधरा-सतरा टप्पे पडतात. प्रत्येक टप्प्यावर क्षीण झालेला तरंग विवर्धकाने वाढवून पुढे पाठवावा लागतो. पण वाटेत मिसळलेला खरखराट कोणता आणि मूळ आवाज कोणता, हे विवर्धकास कळत नाही. तो दोन्ही सारखेच वाढवितो आणि वर स्वतःच्या खरखरीची भर घालतो. सारखेच दहा टप्पे असतील तर अखेरीस खरखराटाची शक्ती एका टप्प्याच्या दसपट होते. हे रोखण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानके ठरविताना २,५०० किलोमीटरच्या कल्पित मार्गावर किलोमीटरमागे सुमारे ३ पिकोवॅट एवढाच खरखराट चालेल असा हिशेब धरला होता. एक पिकोवॅट म्हणजे एका वॅटाच्या एक लक्ष कोटीव्या हिश्शाएवढी शक्ती. ट्रंक कॉलवर ओरडून बोलण्याची जी सवय मागच्या पिढीला लागली, तिची थट्टा पुष्कळ झाली आहे. परंतु खरखराटाच्या वर आपला आवाज काढणे हाच बोलणाऱ्याच्या हाती असलेला एकमेव उपाय होता, हे थट्टा करणाऱ्यांनी ध्यानात घेतलेले दिसत नाही.

अंकीय पद्धतीची मूळ कल्पना ॲलेक रीव्ह्‌ज या इंग्रज अभियंत्याने १९३७ मध्ये पॅरिस येथे मांडली. ती अशी. आवाजाचा तरंग सतत पाठविण्याऐवजी ठराविक क्षणांना त्याची उंची मोजावी आणि ते माप तेवढे कळवावे. ज्या पट्ट्यात सर्वांत वरची कंप्रता ३,४०० आहे त्याच्यासाठी सेकंदाला ६,८०० हून अधिक मापे घेतली, तर त्या मापांवरून मूळ तरंग पुन्हा जसाच्या तसा उभा करता येतो. व्यवहारात ८,००० मापे घेतात. प्रत्येक माप २५६ पायऱ्यांपैकी जवळच्या पायरीवर बसवितात आणि त्या पायरीचा क्रमांक शून्य व एक या दोनच चिन्हांच्या आठ स्थानी संख्येत लिहितात. सेकंदाला ८,००० गुणिले ८, म्हणजे ६४,००० चिन्हे, ही एका संभाषणाची किंमत झाली. यातली एक युक्ती विशेष सांगण्यासारखी आहे. पायऱ्या सर्वत्र सारख्या उंचीच्या न ठेवता तरंग लहान असेल तेथे बारीक आणि मोठा असेल तेथे जाड ठेवतात. त्यामुळे हळू बोलणाऱ्याचा आवाजही मोठ्याने बोलणाऱ्याइतक्याच निगुतीने मोजला जातो. युरोप आणि भारत येथे या पायऱ्यांची एक मांडणी आहे, अमेरिका व जपान येथे थोडी निराळी. अशी तीस संभाषणे, एक खूण जुळविण्यासाठीचा खण आणि एक क्रमांक व घंटा यांच्या निरोपांचा खण, असे बत्तीस खण एकामागून एक वेळेत रचले म्हणजे सेकंदाला २०,४८,००० चिन्हांचा प्रवाह तयार होतो. जुन्या पद्धतीत खण उंचीवर रचलेले होते. येथे ते काळात रचलेले आहेत.

रीव्ह्‌जची कल्पना स्वस्तात अमलात आणावयास ट्रान्झिस्टर यावा लागला. अमेरिकेत शिकागो भागात १९६२ मध्ये अशी यंत्रणा व्यवहारात आली. भारतात पहिली यंत्रणा १९७५ मध्ये मुंबई शहर व अंधेरी येथील दूरध्वनी केंद्रांच्या दरम्यान सुरू झाली. १९७६ मध्ये केंद्राकेंद्रांना जोडणारा पहिला अंकीय सूक्ष्मतरंग दुवा आला. १९७९ मध्ये पुण्यात स्थानिक केंद्रांमधला पहिला प्रकाशतंतूचा दुवा जोडला गेला. या तीन वर्षांकडे नीट पाहिले असता एक गोष्ट दिसते. पहिली अंकीय यंत्रणा मुंबई-नागपूरसारख्या लांबच्या वाटेवर बसविली गेली नाही. ती शहर आणि उपनगर यांच्यामध्ये बसविली गेली. तेथे खरखराटाची अडचण फारशी नव्हतीच, कारण टप्पेच थोडे. अडचण होती ती तांब्याची. एका संभाषणाला तारांची एक जोडी लागे, आणि रस्त्याखालच्या नळांत नव्या केबल घालावयास जागा उरत नव्हती. अंकीय पद्धतीने दोन जोड्यांवर तीस संभाषणे नेता येत. अमेरिकेतही शहरांतील भरलेल्या नळांनीच ही पद्धत प्रथम खेचून आणली. तेव्हा, प्रस्तुत लेखकाच्या मते, अंकीय पद्धती शहरात आली ती आवाज सुधारण्यासाठी नव्हे, तर तांबे आणि खोदकाम वाचविण्यासाठी. खाडी, दलदल आणि डोंगर यांनी तुटलेल्या ठाणे-कल्याणसारख्या भागात सूक्ष्मतरंगाचा लाभही प्रथमतः हाच : केबलीसाठी खाडी ओलांडावी लागत नाही.

मग आवाज स्वच्छ झाला ही समजूत कोठून आली? तिचे उत्तर लांबच्या पल्ल्यात आहे. पोथीची नक्कल दोन रीतींनी करता येते. एक रीत अशी की, मूळ पानावर पातळ कागद ठेवून जे जे दिसेल ते गिरवावे. मग शाईचा डाग, किड्याने पाडलेले भोक, कागदाची घडी, सारेच गिरवले जाते. दहाव्या नकलेत अक्षर कोणते आणि डाग कोणता हे कळेनासे होते. दुसरी रीत अशी की, लेखकाने अक्षर वाचावे, ते कोणते याचा निर्णय करावा आणि आपल्या हाताने ते नव्याने, ठसठशीत लिहावे. डाग मागेच राहतो. दहावी नक्कल पहिलीइतकीच सुवाच्य असते. सदृश केंद्र पहिल्या रीतीने चालते, अंकीय केंद्र दुसऱ्या. अंकीय केंद्राला सेकंदाला लाखो वेळा ‘हे शून्य की एक’ एवढाच प्रश्न सोडवावयाचा असतो, आणि खरखराट माफक असेल तर त्याचे उत्तर क्वचितच चुकते. दर टप्प्यावर दहा लाखांत एक चूक होते असे मानले, तर दहा टप्प्यांनंतर दहा लाखांत दहा चुका होतील. कानाला त्या जाणवतही नाहीत. सदृश यंत्रणेत साचत जातो तो खरखराट, येथे साचतात त्या केवळ थोड्या चुका.

परंतु दुसऱ्या रीतीचा दोषही येथेच ध्यानात घेतला पाहिजे. गिरवणाऱ्याने डागाळलेले अक्षर निदान संशयित स्थितीत पुढे पाठविले. वाचून लिहिणाऱ्याने ‘घ’ च्या जागी ‘ध’ वाचला, तर पुढच्या साऱ्या नकलांत तो ‘ध’ निःशंकपणे, सुंदर अक्षरात उतरतो. ज्यांनी जुन्या मराठी ग्रंथांच्या प्रती ताडून पाहिल्या आहेत त्यांना हे चांगले ठाऊक आहे. अंकीय यंत्रणेत यावर उपाय म्हणून मूळ चिन्हांबरोबर काही जादा चिन्हे पाठवितात; त्यांवरून पलीकडच्या केंद्राला चूक झाल्याचे कळते आणि पुष्कळदा ती दुरुस्तही करता येते. ही कल्पना आपल्या परंपरेला मुळीच अपरिचित नाही. वेदपठणात संहितेबरोबरच पद, क्रम, जटा आणि घन असे पाठ ठेविले गेले. घनपाठात तेच शब्द पुढे-मागे फिरवून अनेकदा म्हणतात, त्यामुळे एके ठिकाणी स्खलन झाले तर दुसऱ्या ठिकाणच्या आवृत्तीवरून ते उघडे पडते. जादा बोलून मूळ वाचविणे, हे तत्त्व दोन्हीकडे एकच.

अंकीय यंत्रणा निकामी होण्याची तऱ्हाही निराळी आहे. जुन्या दुव्यावर पाऊस वाढला की खरखर हळूहळू वाढे, बोलणारे आवाज चढवीत, आणि संभाषण कसेबसे पुरे होई. अंकीय दुवा शेवटच्या क्षणापर्यंत निर्मळ चालतो आणि मग दोन-चार डेसिबेलच्या फरकाने एकाएकी तुटतो. ठाणे जिल्ह्याच्या पावसाळ्यात याचा अनुभव येण्याजोगा आहे. ताशी १०० मिलिमीटर वेगाने पाऊस पडत असता ७ गिगाहर्ट्‌झचा झोत किलोमीटरमागे दोन डेसिबेलहूनही कमी क्षीण होतो. १८ गिगाहर्ट्‌झचा झोत मात्र सुमारे १० डेसिबेल क्षीण होतो, म्हणजे एका किलोमीटरात त्याची शक्ती दहाव्या हिश्शावर येते. म्हणून वरच्या कंप्रतांवरील दुवे आखूड ठेवावे लागतात. खाडीचे पाणी हा दुसरा शत्रू. भरतीच्या वेळी सपाट पाण्यावरून परावर्तित झालेला झोत सरळ आलेल्या झोताशी मिसळतो, आणि दोघांची पावले जुळली नाहीत तर ते एकमेकांना खातात. त्यावर एकाच मनोऱ्यावर खाली-वर दोन थाळ्या बसवितात, कारण एकीवर आवाज मरतो त्या क्षणी दुसरीवरही तो मरेल असे सहसा घडत नाही.

या भागाच्या दूरध्वनीत आणखी एक सीमा होती, ती निसर्गाने नव्हे, कागदाने आखलेली. १ एप्रिल १९८६ रोजी महानगर टेलिफोन निगम स्थापन झाले. त्याच्या क्षेत्रात मुंबईबरोबर नवी मुंबई व ठाणे आले, कल्याण-डोंबिवली आले नाही. ठाण्याचा संकेतांक मुंबईचाच, ०२२, आणि कल्याण-डोंबिवलीचा ०२५१. रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत असलेली दोन गावे दूरध्वनीच्या हिशेबी दोन निराळ्या प्रदेशांत पडली. मोबाइल आला तेव्हा ही रेघ पुसली गेली. मुंबईच्या मोबाइल परवान्याच्या क्षेत्रात कल्याणही धरण्यात आले. बोलींच्या नकाशावर या रेघेला काही अर्थ नाही हे सांगावयास नको. कळव्यापासून कोपरपर्यंतच्या आगरी वस्त्यांचे बोलणे संकेतांक पाहून बदलत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तरंगाकडून अंकाकडे जाताना मराठीच्या उच्चारांचे काय झाले? उत्तर असे की, प्रारंभी काहीच झाले नाही. अंकीय यंत्रणेने ३०० ते ३,४०० हर्ट्‌झचा जुना पट्टाच पुढे चालविला. सेकंदाला ८,००० मापे हा आकडाच त्या पट्ट्यावरून ठरला आहे. जे आधी गाळले जात होते तेच पुढेही गाळले गेले, केवळ उरलेले अधिक निर्मळपणे पोहोचू लागले. हा पट्टा मराठी कानासाठी ठरविलेला नव्हता. बेल प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर आणि त्यांचे सहकारी यांनी १९२० च्या दशकात इंग्रजी अवयवांची आणि शब्दांची उच्चारपरीक्षा करून किती पट्ट्यात बोलणे कितपत समजते हे मोजले. अशा प्रयोगांच्या आणि खर्चाच्या मेळातून पुढे युरोप-अमेरिकेत जे मानक ठरले, ते आपल्याकडे यंत्रांबरोबर आले.

या पट्ट्याने मराठीचे नेमके काय कापले? मराठीत ‘च’ आणि ‘ज’ या एकेका अक्षराखाली दोन-दोन स्वनिम आहेत, एक दंत्य व एक तालव्य. लिपी हा भेद दाखवीत नाही, जीभ दाखविते. ‘जग’ म्हणजे विश्व, यात ‘ज’ तालव्य आहे. ‘शंभर वर्षे जग’ या आशीर्वादातला ‘ज’ दंत्य. ‘जरा थांब’ मधला ‘जरा’ आणि वार्धक्य या अर्थाचा ‘जरा’ यांतही हाच भेद. दंत्य उच्चारातील घर्षणाची बहुतेक शक्ती, ‘स’ प्रमाणेच, ४,००० हर्ट्‌झच्या वर असते. तालव्य उच्चारातील घर्षण ‘श’ प्रमाणे २,५०० च्या आसपास सुरू होते. म्हणजे जुन्या दूरध्वनीच्या पट्ट्यात तालव्याचे घर्षण अंशतः शिल्लक राहते, दंत्याचे जवळजवळ नाहीसे होते. तरीही भेद साफ पुसला जातो असे म्हणता येत नाही. पुढच्या स्वराकडे जाताना जिभेची जी हालचाल होते तिचा ठसा दुसऱ्या स्वरपिंडावर उमटतो, आणि तो ठसा पट्ट्याच्या आत आहे. ऐकणाऱ्याला वाक्याचा संदर्भही मदतीस असतो. पण संदर्भ काढून घेतला, एखादे अपरिचित आडनाव किंवा गावाचे नाव तेवढे उच्चारले, की दंत्य-तालव्याचा निर्णय केवळ कानाने करणे अवघड होते. ‘सात’ आणि ‘साठ’ यांची दूरध्वनीवर होणारी गल्लतही याच जातीची आहे : अंत्य महाप्राण तसाही क्षीण, आणि ‘त’ चा स्फोट ज्या वरच्या कंप्रतांमुळे ‘ठ’ पासून वेगळा वाटतो त्यांतील मोठा भाग पट्ट्याबाहेर. म्हणून लोक ‘साठ, सहा-शून्य’ असा खुलासा करू लागले. तोही घनपाठाचाच एक प्रकार म्हणावयाचा.

खरा बदल मोबाइलबरोबर झाला, आणि तो सुधारणेच्या दिशेने नव्हता. हवेतील जागा महाग. तेथे एका संभाषणाला सेकंदाला ६४,००० चिन्हे परवडत ना. जीएसएम मोबाइलच्या पहिल्या पद्धतीत ती १३,००० वर आणण्यात आली. हे साधले ते तरंगाची उंची कळविणे जवळजवळ सोडून देऊन. यंत्र बोलणाऱ्याच्या मुखविवराचा अंदाज बांधते आणि दर वीस मिलिसेकंदांना ‘आता नळीचा आकार असा, स्वरतंतूंचे कंपन तसे’ असे वर्णन पाठविते; पलीकडचे यंत्र त्या वर्णनावरून आवाज नव्याने घडविते. आपण जो ऐकतो तो आवाज बोलणाऱ्याचा असतो असे म्हणण्यापेक्षा त्याच्या वर्णनावरून काढलेले चित्र असते असे म्हणणे अधिक योग्य. चित्र बहुधा हुबेहूब असते, पण मोजमापास ते बिनधोक नसते. बर्न व फौक्स या इंग्लंडमधील अभ्यासकांनी २००४ मध्ये दाखविले की, मोबाइलवरून आलेल्या आवाजात पहिल्या स्वरपिंडाची कंप्रता समोरासमोरच्या मुद्रणापेक्षा सरासरी २९ टक्क्यांनी अधिक भरते. पहिला स्वरपिंड स्वराची उंची सांगतो. म्हणजे मोबाइलवरील मुद्रण मोजून ‘अमुक वस्तीत इ हा स्वर ए कडे झुकला आहे’ असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो झुकाव वस्तीचा नसून यंत्राचा असण्याचा संभव मोठा आहे.

याच्या उलट वळण अगदी अलीकडचे आहे. रुंद पट्ट्याची संकेतनपद्धती ५० ते ७,००० हर्ट्‌झपर्यंतचा भाग वाहून नेते आणि सेकंदाला १६,००० मापे घेते. भारतात सप्टेंबर २०१६ पासून चौथ्या पिढीच्या जाळ्यावर बोलणे सुरू झाल्यावर ती सामान्य माणसापर्यंत पोहोचली. दोन ‘जग’ मधला भेद आपल्या दूरध्वनीवर प्रथमच पुरेशा स्पष्टतेने ऐकू येऊ लागला तो येथे. डिजिटल झाल्याने आवाज स्वच्छ झाला, या समजुतीचा उरलेला अर्धा भाग खरा ठरावयास १९७५ पासून चाळीस वर्षे जावी लागली, आणि तोही अटीवर. दोन्ही टोके आणि मधले सारे दुवे रुंद पट्ट्याचे असतील तरच हा लाभ होतो. एक टोक जुन्या दूरध्वनीचे असले, किंवा संभाषण मध्येच दुसऱ्या पिढीच्या जाळ्यावर उतरले, की सारे पुन्हा ३,४०० च्या आत येते. आणि असे झाल्याची खूण मुद्रणाचा आलेख काढल्यावर दिसते.

आगरी बोलीच्या बाबतीत या विवेचनाचा उपयोग तपशिलाने सांगता येतो. या बोलीत प्रमाण मराठीतील ‘ण’ च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’ च्या जागी ‘ल’ येतो. मूर्धन्य आणि दंत्य यांतील भेद मुख्यतः तिसऱ्या स्वरपिंडाच्या उतारावर अवलंबून असतो, आणि तो २,००० ते ३,००० हर्ट्‌झच्या दरम्यान, म्हणजे जुन्या पट्ट्याच्याही आत पडतो. तेव्हा दिव्यातील किंवा कोपरमधील वृद्ध बाई जुन्या दूरध्वनीच्या मुद्रणात ‘पानी’ आणि ‘काला’ म्हणताना ऐकू आल्या, तर तो पुरावा ग्राह्य मानण्यास हरकत नाही. त्याच मुद्रणावरून त्यांचा ‘ज’ दंत्य की तालव्य हे ठरवू नये, आणि मुद्रण मोबाइलचे असेल तर स्वरांची मापेही घेऊ नयेत. नव्याने मुद्रण करताना ते समोर बसूनच करावे. दूरध्वनीवाचून गत्यंतर नसेल तेव्हा नोंदवहीत बोलणाऱ्याचे नाव, गाव आणि वय यांच्या शेजारी दोन्ही टोकांची साधने कोणती होती, जाळे कोणत्या पिढीचे होते आणि मुद्रण कोणत्या टोकाला झाले, हेही लिहून ठेवावे. मुद्रणाचा आलेख काढून ३,४०० हर्ट्‌झच्या वर काही आहे की नाही हे पाहण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. ती पाहणी लिप्यंतरास हात घालण्यापूर्वी करावी.